तिकडं पावना हाय

मी त्या हरणीला पाहिलं होतं.

एवढं एक वाक्य गेली चार वर्षं माझ्या तोंडातून निघालेलं नाही. बायकोला सांगितलं नाही, रविवारच्या गटात कुणाला सांगितलं नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मामांपुढे तर जीभ उचललीच नाही. मी मुळात कमी बोलणारा. लोक त्याला स्वभाव म्हणतात. त्यातला निम्मा स्वभाव आहे आणि निम्मी सोय.

केडगावच्या एका शाळेत मी लेखनिक आहे. वय बावन्न. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. पुणे रोडच्या कडेने धूर खात चालण्यापेक्षा बरं म्हणून मी ताईंच्या गटात गेलो. ताई आमच्याच गल्लीतल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. जामखेडच्या रस्त्याने जाऊन डांबरी सोडली की आत काळविटांसाठी राखलेला एक माळ आहे. दर रविवारी ताई दहा-बाराजणांना टेम्पोत घालून तिथे नेत आणि दुपारपर्यंत राबवून घेत. त्याला ताईंनी 'सेवा' हा शब्द कधी लावला नाही. "उद्या घासायला यायचंय," एवढाच निरोप शनिवारी मोबाईलवर येई.

घासायचे म्हणजे पाणवठे. जमिनीत बसवलेली सिमेंटची उथळ बशी, तिला शेवाळ धरतं. ते काथ्याने खरवडायचं, गाळ घमेल्याने उपसायचा, टँकर आला की भरून घ्यायचं आणि एका कडेला दगड रचायचे, म्हणजे पाणी प्यायला उतरलेली मधमाशी किंवा चंडोल बुडत नाही. पावसाळा सरला की वाळलेलं कुसळी गवत कापून मोकळे पट्टे काढायचे, वणवा लागलाच तर तिथे अडावा म्हणून. कुसळं मोज्यात शिरतात आणि मंगळवारपर्यंत टोचत राहतात. आमच्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर होते, त्यांना सगळे काका म्हणत. टँकरची नळी सुटली की ते पाण्यालाच ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका, मागं लई जागा हाय." ताई म्हणायच्या, "काका, तिकिटं फाडून झाली असतील तर घमेलं उचला."

आणि तिथे मामा होते.

मामा त्या माळावरचे वनमजूर. रोजंदारीवर लागले आणि रोजंदारीवरच केस पांढरे झाले. घर जवळच्या वस्तीत. पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, आणि त्याखाली खिळ्याला मामांची फिरतीची काठी. रोज सकाळी ती काठी घेऊन सगळा माळ पायाखाली घालायचा, हे त्यांचं काम. कुठे कुत्री शिरली, कुठे तार तुटली, कोणता पाणवठा आटला, कोणता नर कुठल्या टेकाडावर उभा राहायला लागला, सगळं त्या एका फेरीत कळायचं. लिहून काही ठेवत नसत. दुपारी ताईंनी विचारलं की सकाळपासूनचं क्रमाने सांगत. मी नोंदींतला माणूस, मला त्या स्मरणाचं फार अप्रूप वाटे. आमच्या शाळेत हजेरीपट हरवला तर वर्गात किती पोरं आहेत हेही कुणाला सांगता येत नाही.

मामांची एक रीत होती, ती मी आधी नीट समजून घेतली नाही आणि त्यातूनच पुढचं झालं. काळविटाची मादी व्यायली की पाडसाला सोबत घेऊन हिंडत नाही. पहिले काही दिवस ती त्याला गवतात दडवून ठेवते आणि स्वतः लांब चरत राहते. पाडस मातीसारखं पडून असतं. त्याला वास जवळजवळ नसतो, हालचाल नसते. पायाशी आलं तरी दिसत नाही. आई पाजायला तेवढी येते. मामांना फेरीत असं पाडस दिसलं की ते थांबत नसत. चाल बदलत नसत, मान वळवत नसत. कारण माणूस थांबला की कावळा बघतो, कावळा ओरडला की कुत्रं येतं. आणि परत आल्यावरही ते 'पाडस' हा शब्द उच्चारत नसत, कारण तो ऐकला की माणसं बघायला निघतात. ते फक्त म्हणत, "बाभळीच्या अंगाला आठ दिवस जाऊ नका. तिकडं पावना हाय."

गटातल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. ताई लगेच त्या दिवशीची वाट बदलायच्या. मी नवा होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुणाला काही विचारत नाही.

तो फेब्रुवारी होता, माझा तिसरा की चौथा रविवार. आम्ही टेम्पोतून उतरलो तेव्हा मामा फाटकाशीच होते. म्हणाले, "आज हिवराच्या खाली नगा जाऊ. पावना हाय तिकडं."

मला वाटलं, कुणी साहेब आलेत.

आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला खरंच तसं वाटलं. सरकारी माळ, रविवारची सकाळ, पाहुणा म्हणजे कुणीतरी वरचा अधिकारीच. आणि मनात असं आलं की आपण असं कोपऱ्यात शेवाळ खरवडत बसलो तर कुणाच्या नजरेस पडणार? शाळेत अठ्ठावीस वर्षं खिडकीमागे बसलेल्या माणसाला असं वाटू शकतं. मी घमेलं ठेवलं, शर्ट खोचला आणि पाय मोकळे करायच्या निमित्ताने हिवराच्या झाडाच्या दिशेने गेलो. साहेबांना नमस्कार करायला.

साहेब नव्हते. गवतात, माझ्या बुटापासून हातभर अंतरावर पाडस होतं. कान मागे दाबलेले, डोळे उघडे. मी एवढं लहान जिवंत हरीण कधी पाहिलं नव्हतं. आसपास काही नव्हतं. मी खाली वाकलो आणि उचललं. इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकतो. अडाणीपणा होता, आणि हातात घेतल्यावर त्याचं काळीज माझ्या तळहातावर असं उडत होतं की मला ते भ्यायलेलं, टाकून दिलेलं, मरायला टेकलेलं वाटलं.

मी दहा-वीस पावलं गेलो असेन. मागून फुसकारल्यासारखा आवाज आला आणि खूर आपटल्याचा. मी वळलो. हिवराच्या सावलीच्या कडेला हरणी उभी होती. पळत नव्हती. पुढचा एक पाय उचलून ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे माझ्या हातांकडे.

खाली ठेवून चार पावलं मागे सरायचं होतं. बस. एवढंच करायचं होतं.

पण तोवर पाणवठ्याकडून गटातले लोक मला बघून उठले होते. कुणीतरी "अगं बाई, पिल्लू" म्हणालं. काकांनी मोबाईल वर धरला होता. "सर, इकडं बघा, इकडं," ते म्हणत होते. आणि मी हरणीकडे पाठ करून इकडं बघितलं.

ताई धावत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "कुठे होतं? हिवराखाली? मामांनी सांगितलं होतं ना?" मग हळू आवाजात, "आई होती का हो जवळ?"

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नव्हतं. कुत्र्यांनी नेली असावी."

कुत्र्यांचं मी का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो. टेम्पोत येताना भटक्या कुत्र्यांवर बोलणं झालं होतं, तोच हाताशी आला.

ताईंना पटलं नव्हतं. त्या मामांना शोधायला माणूस पाठवणार होत्या, पण मामा फेरीत दुसऱ्या टोकाला होते आणि तिथे फोन लागत नाही. मामा येईपर्यंत पाडस वनखात्याच्या कार्यालयात पोचलं होतं, दहा हातांतून गेलं होतं, त्याला बाळाच्या बाटलीने गाईचं दूध पाजून झालं होतं. मामा दारात उभे राहिले. पाडसाकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे.

तिथले त्या वेळचे साहेब दुसऱ्या दिवशी आले. शेवगावकडच्या एका वार्ताहराने तोवर काकांनी काढलेला फोटो मागवून घेतला होता आणि मथळाही दिला होता, माझ्या हातून जीवदान मिळाल्याचा. साहेबांनी मला मुद्दाम शाळेतून बोलावून घेतलं. चहा झाला. मग त्यांनी मामांना विचारलं, "कुत्री आत शिरली, हरणी नेली, आणि फेरीत तुम्हाला दिसलं नाही?"

मामा म्हणाले, "कुत्रं शिरल्यालं न्हाई साहेब. मी सकाळी बघून आल्तो. ह्यास्नी बी सांगितलं हुतं, पावना हाय म्हून."

"कोण पाहुणा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनीही. "सर, तुम्हाला काही सांगितलं होतं का यांनी?"

"पाहुणा आहे म्हणाले होते," मी म्हणालो. "मला वाटलं तुम्हीच आलात."

खोलीतले सगळे हसले. साहेबसुद्धा. माझं वाक्य अक्षरशः खरं होतं. मामा तेवढे हसले नाहीत. आणि हेही लिहून ठेवतो की त्या खोलीत मामांचं कुणी खरं मानेल असं वारं नव्हतंच. शर्ट खोचलेला लेखनिक एका बाजूला आणि वस्तीतला रोजंदारी मजूर दुसऱ्या बाजूला, अशा वेळी कुणाला फार विचार करावा लागत नाही. मला ते माहीत होतं. मी त्याच्यावरच टेकलो होतो.

"सर, तुमचं अक्षर चांगलं आहे," साहेब म्हणाले, "नोंद तुम्हीच करा." त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. मी लिहिलं: टाकलेले पाडस आढळले. मादी आढळली नाही. कुत्र्यांनी नेली असण्याची शक्यता. खाली सही केली, पूर्ण नाव, वळणदार.

पाडस चौथ्या दिवशी गेलं. तोवर शाळेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होऊन गेला होता. ती शाल बायको शेवगावला माहेरी जाताना वापरते. "तुमची हरणाची शाल कुठंय हो?" असं ती कपाटाशी उभी राहून विचारते तेव्हा मी पेपर वर धरतो.

मामांना फेरीवरून काढलं. कामावरून नाही, रोपवाटिकेत टाकलं. फाटकाशेजारी हिरव्या जाळीखाली पिशव्यांतल्या रोपांना पाणी घालायचं. हातातली काठी गेली, झारी आली. ज्या माणसाने आयुष्यभर तो माळ पायाखाली घातला, त्याला जाळीतून तो बघायला बसवलं. फेरीवर दुसरा माणूस आला. तो मोटारसायकलवरून फेरी करायचा.

मी गटात जायचं बंद करीन असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. मी एकही रविवार चुकवला नाही. उन्हाळ्यात सुट्टी लागल्यावर मधल्या वारीही एकटा एसटीने जाऊ लागलो. ताई म्हणायच्या, "सरांना माळाचं वेड लागलं." काका म्हणायचे, "वेड कसलं, पास काढलाय त्यांनी." मी घासत राहायचो. मला वाटायचं, किती पाणवठे घासले म्हणजे तेवढं निघेल. ते तसं निघत नाही. पण त्या निमित्ताने मी मामांना जवळून बघितलं, आणि एवढ्या वर्षांत मला मनापासून आदर वाटावा असा माणूस मला त्या जाळीखाली भेटला.

पुढच्या हंगामाआधी कार्यालयाने फाटकावर पाटी लावली: 'टाकलेले पाडस आढळल्यास त्वरित आणून द्यावे.' शब्द माझ्याच नोंदीतले. आणि लोक आणून द्यायला लागले. भल्या मनाने, टॉवेलात गुंडाळून. एक शेतकरी तर मोटारसायकलवर पुढे घेऊन आला, सत्काराची चौकशीही त्याने केली. मामांनी ते पाडस बघितलं आणि झारी ठेवून सरळ त्याच्या गाडीवर मागे बसले. "चला, जिथनं उचलल्यालं तिथं दावा." दोघं गेले. अंधार पडायच्या आत मामा चालत परत आले. पाडस जागेवर ठेवून ते लांब बांधाआड बसून राहिले होते, आणि हरणी आली होती. एवढंच ताईंना सांगितलं, "घेतलं तिनं."

त्यानंतर रोपवाटिकेचं काम सुटलं की मामा संध्याकाळी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर जायला लागले. ते कुणी सांगितलेलं काम नव्हतं. पारावर, दुकानापुढे, दूध घालायला लोक जमतात तिथे ते बसत. एकदोनदा मी सोबत गेलो. भाषण वगैरे काही नाही. कुणाची तरी चेष्टा करत सुरुवात व्हायची.

"का रं, तुझी बायको शेतात जाताना लेकरू झोळीत ठिवती का न्हाई?"

"ठिवती की."

"मग मी येऊन उचलून न्हेलं आन म्हनलो, टाकल्यालं घावलं, तर?"

"पाय मोडीन तुमचा मामा."

"तिला पाय मोडता येत न्हाई. एवढाच फरक हाय."

लोक हसायचे आणि ऐकायचे. एका म्हातारीने विचारलं, "आन खरंच टाकल्यालं आसंल तर वं?" मामा म्हणाले, "हरनी टाकीत न्हाई, आजी. दडविती. टाकनं ही आपली रीत." त्या वेळी मी शेजारीच होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाडस असताना बघत नसत, तसंच.

दोन हंगामांत टॉवेलातली पाडसं यायची थांबली. पाटी अजून आहे, पण ऊन-पावसाने तिचा रंग उडालाय, आणि गावातले लोकच आता एकमेकांना सांगतात, "तिकडं पावना हाय." शब्द मामांच्या तोंडातून निघून चार गावांत गेला. ज्या शब्दावर त्या खोलीत हसू झालं होतं, तोच.

आता मामांना साठ होतील. ताईंनी ठरवलंय की माळावरच, रोपवाटिकेच्या सावलीत, त्यांचा निरोप करायचा, आणि मी दोन शब्द बोलायचे, कारण मी लिहिता-वाचता माणूस.

गेल्या महिन्यात एका रविवारी मामा म्हणाले, "सर, चला, जरा चालून येऊ." फेरीवरचा माणूस रजेवर होता. मामांनी घरून काठी आणली होती. आम्ही टेकाडाच्या कडेने निघालो. ते ऊस, पाऊस, माझी साखर, असं बोलत होते. पाऊण तासाने, परत वळल्यावर त्यांनी विचारलं, "पावना बघितला का?"

"कुठे?"

"तीन बोरी लागल्या न्हाईत का, तिथं. तुमच्या डाव्या पायाशी हुता."

मला काही दिसलं नव्हतं. "मला समजलंच नाही," मी म्हणालो.

"मग जमलं तुमाला," मामा म्हणाले.

मी थांबलो. म्हणालो, "मामा, त्या दिवशी हिवराखाली..." आणि पुढचं आलं नाही.

मामांनी काठीने एक कुसळाचा झुपका बाजूला केला. "माग दोन दिस हुता तिथं," ते म्हणाले. "तुमच्या बुटाचा. ईस पावलं सरळ, मग वळल्याला. दोन्ही टाचा दाबल्याल्या, म्हंजे उभं राहिल्यालं. मानूस उगाच वळत न्हाई. आन समूर तिच्या खुरांनी माती उकरल्याली."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"मातीवरचं कोन मानतंय? वहीत लिवल्यालं मानत्यात." ते थोडं चालले. "आन दुसरं म्हंजे तुमी दर आयतवारी यायला लागला. सांगितलं आसतं तर तुमी आला नसता. उन्हाळ्यात पान्याला हात लागत्यात सर. आमच्याकडं हात लई न्हाईत."

मला वाटलं आता तरी ते म्हणतील, जाऊ द्या, झालं गेलं. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "ती हरनी आठ-धा दिस येत हुती तिथं. दूध आटंस्तवर." मग फाटक आलं.

माझ्याकडे काकांनी पाठवलेला मूळ फोटो आहे. छापताना त्याची डावी कड कापली गेली होती. मूळ फोटोत, माझ्या खांद्यामागे, हिवराच्या सावलीत एक फिकट ठिपका आहे. मोठा करून बघितलं की त्याला कान दिसतात. तो मी पुसूनही टाकला नाही आणि कुणाला दाखवलाही नाही.

शाळेत माझ्या खिडकीशी वर्षाला दोन-चार तरी माणसं येतात, जन्मतारीख चुकीची पडली म्हणून. पन्नाशीची माणसं, हातात कागदांची पिशवी. मी त्यांना सांगतो, नोंद खोडता येत नाही. शेजारी लाल शाईने दुरुस्ती लिहायची आणि ज्याची चूक त्याने सही करायची. हे मी इतक्या जणांना सांगितलं आहे की मला ते झोपेतही म्हणता येईल.

निरोपाच्या दिवशी मामांबद्दल चार चांगले शब्द मी बोलेन, ते अवघड नाही. पण माझं देणं ते नाही. त्या नोंदवहीत माझ्या अक्षरात, माझ्या सहीने 'मादी आढळली नाही' असं अजून लिहिलेलं आहे. मामांचं काम संपायच्या आत, ते आणि आताचे साहेब समोर असताना, मला त्या ओळीशेजारी लाल शाईने लिहायचं आहे: मादी होती, मी पाहिली होती, मामांनी मला सांगितलं होतं. ते मी अजून लिहिलेलं नाही.